चार महिन्यांची विलायत

हॉस्टेलातल्या गोष्टी घडतात तेव्हा कुणाला त्यांची काही किंमत वाटत नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात जुनी मंडळी सतरंजीवर टेकतात, सुपारी कातरली जाते आणि एकाला एक आठवतं. त्याचं संपायच्या आत दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही!" असं करत करत माझ्याकडे एकट्या नारायणाचेच किस्से पोतंभर झालेत. त्यातले चार सांगतो. चाराचे सहा झाले तर ऐकून घ्या.

अमरावतीच्या हॉस्टेलात आमची खोली आठ नंबरची. आम्ही तिघे. मी अकोल्याचा. वडील वकील, म्हणून सगळे मलाच 'वकील' म्हणायचे, मी कायद्याचं एक पान उघडलेलं नसताना! दुसरा काळे, तिवशाच्या भटजींचा मुलगा, जिभेला हाड नसलेला. आणि तिसरा नारायण, परतवाड्याजवळच्या एका खेड्यातला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला होता. विलायतेला जाऊन आलेला माणूस दाखवा म्हटलं तर अख्ख्या तालुक्यात एखादा सापडायचा. आणि आमचा नारायण त्या विलायतेला शिकायला गेला. एकच टर्म, चार महिने. पण तेवढ्यानं त्याचं सगळं आयुष्यच वळलं.

*

नारायणाचा थाट पहिल्यापासून वेगळा. भांग चापून पाडलेला, धोतराला इस्त्री, बोलणं एकदम शुद्ध! आमच्यातल्या कुणी "काहून बे" म्हटलं की तो तोंड आंबट करायचा. घरचं काय विचारलं तर म्हणायचा, "आमची इस्टेट आहे. संत्र्याची."

हॉस्टेलच्या मागच्या अंगणात एक रानटी जंबेरी होती, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात ते लिंबाच्या जातीचं झाड. एका सकाळी आमचे सायन्सचे प्रोफेसर फिरायला निघाले, तर हे इस्टेटवाले त्या झाडापुढे उकिडवे बसलेले. हातात दाढीचं पातं. जंबेरीच्या सालीला चीर देऊन त्यात संत्र्याच्या फांदीचा डोळा भरणं चाललं होतं. कलम बांधायला सुतळी दातात धरलेली. हात असे भराभर चाललेले, की हे काम आयुष्यभर केल्याशिवाय जमायचं नाही.

"काय चाललंय?" प्रोफेसरांनी विचारलं.

नारायण दचकून उभा राहिला. "काही नाही सर! दाढी!"

प्रोफेसरांनी झाडाकडे पाहिलं. "कुणाची? हिची?"

*

पुढचा किस्सा हसण्याचा नाही. पण तो सांगितल्याशिवाय बाकीचे कळायचे नाहीत.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण व्हरांड्यात पत्ते खेळत होतो. त्यात नागपूरच्या एका रावबहादुरांचा मुलगाही होता. नारायण त्याच्याशेजारी मुद्दाम जागा धरायचा. तेवढ्यात फाटकातून एक म्हातारा आत आला. अनवाणी. गुडघ्यापर्यंत धूळ. डोक्यावर संत्र्यांची भली मोठी पाटी. पायरीशी येऊन तो उभा राहिला आणि नारायणाकडे बघून हसला.

"कोण रे हा?" रावबहादुरांच्या मुलानं विचारलं.

नारायणानं पत्त्यांतून मान वर केली नाही. म्हणाला, "आमचा गडी आहे. बागेतला."

म्हातारा चार हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला नक्की ऐकू गेलं.  मग त्यानं पाटी हळूच खाली ठेवली आणि म्हणाला, "हव जी. मालकाच्या बागंतले संत्रे हायेत. मालक, रामराम."

काळे म्हणाला, "बाप्पा, एक चाखायला तर द्या!" म्हाताऱ्यानं एक संत्रं निवडलं, अंगठ्यानं देठाशी चीर दिली आणि साल अशी उतरवली की चार पाकळ्यांचं अखंड फूल झालं. ते काळेच्या हातावर ठेवलं आणि आला तसा चालता झाला. पाणीसुद्धा प्यायला नाही.

त्या दिवशी नारायणानं पाटीतलं एक संत्रं सोललं. नेहमीच्याच पद्धतीनं. चार पाकळ्यांचं अखंड फूल! काळेनं ती दोन सालं खिडकीत शेजारी शेजारी ठेवली. हुबेहूब एक. नारायणानं ती पाहिली, उचलली आणि खिडकीबाहेर फेकली.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. आमचं चुकलंच.

*

पुढल्या पावसाळ्यात बातमी आली. इंग्लंडातल्या एका बागाईत शिकवणाऱ्या शाळेनं आपल्याकडच्या एका विद्यार्थ्याला एक टर्म फुकट शिकवायचं कबूल केलं होतं. नाव पाठवायचं काम आमच्या सायन्सच्या प्रोफेसरांकडे आलं. त्यांनी वर्गात विचारलं, "तो झाडाची दाढी करणारा कुठंय?"

झालं! आठ नंबरमध्ये विलायतेची तालीम सुरू झाली. काटे-चमचे रावबहादुरांच्या मुलाकडून उसने आणले. मेसमध्ये मिळायची भाकरी आणि झुणका. नारायण काट्यानं भाकरी दाबायचा, सुरीनं कापायचा आणि तुकडा उडून काळेच्या ताटात! काळे म्हणायचा, "असंच चालू दे बे. माही एक भाकरी वाचून राहिली!"

समुद्र ओलांडला की धर्म जातो असं मानणारे लोक तेव्हा पुष्कळ होते. काळेनं ते सगळं स्वतःवर घेतलं. म्हणाला, "तू बिनधास्त जा. आल्यावर प्रायश्चित्त माझ्याकडून घे. घरचंच दुकान हाये आपलं!"

*

डिसेंबरात तो निघाला. परतवाड्याला लागून असलेल्या एलिचपूरहून लहान गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. मी अकोल्याहून, काळे अमरावतीहून, असे आम्ही मूर्तिजापूरच्या फलाटावर जमलो. लहान गाडी नेहमीसारखी रमतगमत, उशिरा आली. आधी नारायण उतरला, नव्या कोटात. त्याच्यामागे डोक्यावर ट्रंक घेतलेले तुळशीरामजी.

तुळशीरामजी म्हणजे तेच, संत्र्याची पाटी घेऊन आलेले. नारायणाचे वडील.

एव्हाना आम्हाला सगळं माहीत होतं आणि आम्हाला माहीत आहे हे नारायणालाही माहीत होतं. पण खरी भानगड वेगळीच होती. त्या दिवसापासून तुळशीरामजींनी पोराला 'तू' म्हणणं सोडलं होतं. 'तुमी' म्हणायचे. हाक मारायची तर 'मालक'. रागावणं नाही, टोमणा नाही, आवाज चढवणं नाही. घरातही तेच. जेवायला बसताना "मालक, बसा जी."

गाडी सुटायची वेळ झाली. नारायण वाकून पाया पडायला गेला, तर तुळशीरामजी दोन पावलं मागे सरकले.

"अजी, असं नका करू. मालकानं गड्याच्या पाया पडू नाई. थंडीत जपा जी."

गाडी हलली. नारायणाचा चेहरा खिडकीत होता आणि त्यावर विलायतेचा आनंद नावाला नव्हता. 

*

विलायतेतला पहिला किस्सा नारायणानं आम्हाला पत्रातून कळवला.

शाळेत पोचला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. फाटकाजवळ एक म्हातारा गोरा शेणखत उपसत होता. बूट चिखलात बरबटलेले, बाह्या वर. नारायणानं त्याला ट्रंक दाखवली आणि खोलीकडे बोट केलं. म्हाताऱ्यानं फावडं टेकवलं, ट्रंक खांद्यावर घेतली आणि दोन जिने चढवून वर नेऊन दिली. ट्रंकेत आईनं दिलेल्या लोणच्याच्या बरण्या, गूळ, तिखट आणि काय काय! नारायण मागून कोट झटकत आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे ताडकन उठून उभे राहिले. दारातून तेच बूट आत आले. तो त्या शाळेचा मुख्य प्रोफेसर होता!

नारायण पुढच्या पोराच्या पाठीआड सरकला. प्रोफेसरानं हजेरी घेतली, त्याच्या नावापाशी थांबला आणि म्हणाला, "तुझी ट्रंक बरीच जड आहे. आता उतरवताना तूच उतरव."

त्या प्रोफेसराचं नाव आम्हाला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. आमच्यासाठी ते 'बूटवाले सर'.

*

आता ताणाचा किस्सा. त्याआधी, ज्यांनी बाग पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द.

संत्र्याला बहार आणायचा तर आधी त्याचं पाणी तोडतात. मुळं उघडी करतात. महिना-सव्वा महिना झाड तहानलेलं ठेवतात. पानं माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं, मेलं झाड! मग खतमाती घालून पाणी सोडायचं, की पंधरा-वीस दिवसांत झाड फुलांनी पांढरं. याला ताण देणं म्हणतात. ताण कमी झाला तर फूल नाही आणि जास्त झाला तर झाड नाही.

तर जानेवारीत आमचा गडी विलायतेच्या सफरचंदाच्या बागेत पोचला. बघतो तो काय, एकाही झाडावर पान नाही! नुसते खराटे. हिवाळ्यात तिकडे झाडं अशीच असतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, बाप रे, या लोकांनी केवढा हा ताण दिलाय!

ओळीच्या टोकाला एक लहान झाड होतं. त्याची त्याला फारच दया आली. रोज सकाळी कुणी उठायच्या आत तो झारी भरायचा आणि त्या झाडाला पाणी घालायचा. पाचव्या दिवशी मागून आवाज आला, "काय करतोस?"

बूटवाले सर! डोक्यावर छत्री. कारण पाऊस पडत होता!

"सर, झाड मरायला टेकलंय," नारायण काकुळतीनं म्हणाला. "ताण जास्त झाला."

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ताण म्हणजे काय?"

नारायणानं तिथंच भिजत सांगितलं. सर म्हणाले, "हे आज वर्गात सांग." आणि त्या दिवशी बूटवाले सर मागच्या बाकावर बसले आणि आमचा नारायण फळ्यापुढे उभा राहिला. मुळं कशी उघडी करायची, पान कसं वळलं की थांबायचं, काळ्या जमिनीत किती, मुरमाड जमिनीत किती. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की यातलं एक अक्षर त्यानं पुस्तकात वाचलेलं नाही. आणि सर वहीत उतरवून घेत होते.

शेवटी सरांनी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी."

"अच्छा! कोणत्या कॉलेजात प्रोफेसर आहेत ते?"

नारायण हा किस्सा सांगताना इथं नेहमी थांबतो. मग म्हणतो, "मी रडलो बे. फळ्यापुढं. साऱ्या गोऱ्यांसमोर."

*

सरांना एक शंका राहिली होती. ताण पुरे झाला हे नक्की कोणत्या दिवशी ओळखायचं? नारायणानं ते वडिलांना पत्रानं विचारलं. त्या पत्रात आणखीही बरंच लिहायचं होतं म्हणे. पाच कागद फाडले. शेवटी शंकाच तेवढी लिहिली.

तुळशीरामजींना लिहिता येत नव्हतं. गावच्या मास्तरांकडून त्यांनी उत्तर लिहवून घेतलं. त्या कागदाच्या घड्या झिजून फाटल्या, पण नारायणानं तो जपून ठेवलाय. मी वाचलाय.

"मालकांस तुळशीराम गड्याचा रामराम. तुमच्या साहेबाले सांगा का माती मुठीत धरून पाहा लागते. हे कागदावर सांगता येत नाई. साहेबाले सवड असंन तर इकडं धाडा. जेवाची सोय होईन."

सरांनी पत्राचा अर्थ समजावून घेतला आणि म्हणाले, "हा माणूस मला आवडला." आणि मग विचारलं, "पण हे स्वतःला गडी का म्हणवतात?"

नारायणानं पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली.

*

मे महिन्यात तो परत आला आणि आमची करमणूक सुरू झाली! खोलीला दाराऐवजी पडदा असला तरी बाहेरून टकटक करायला चौकट शोधायचा. मेसमध्ये स्वतःचं ताट स्वतः घासायला बसला, तर आचारी हात जोडून उभा. "माहं काही चुकलं का जी?" बदनेऱ्याच्या तिकिटाच्या खिडकीपाशी गर्दी उसळलेली असताना हा एकटाच रांग लावून उभा. तीन गाड्या गेल्या!

आणि बोलणं? विलायतेहून आलेला माणूस इंग्रजी फाडेल असं आम्हाला वाटलं होतं. हा पठ्ठ्या अस्सल वऱ्हाडी बोलायला लागला! काळे म्हणाला, "पैसे फुकट गेले बे याच्या बोटीचे."

सरकारी खात्यात कारकुनीची जागा चालून आली होती. खुर्ची, टेबल, पंखा. त्यानं नाही म्हणून कळवलं. डिग्री पुरी करणार आणि बागेत जाणार. गावात बोंब झाली, विलायतेला जाऊन आला आणि पुन्हा खुरपंच धरतो म्हणे!

सुट्टीत मी त्याच्या बागेत गेलो होतो. मृगाच्या बहारासाठी ताण चालू होता. ऊन असं की फुफाट्यात पाय भाजावेत. नारायण उघड्या अंगानं मुळं मोकळी करत होता. दोन झाडं पलीकडे तुळशीरामजी तेच करत होते. दोघांचे हात एका चालीनं चालत होते. बघत राहावं असं!

तेवढ्यात तुळशीरामजी म्हणाले, "मालक, सावलीत बसा जी. ऊन लागंन तुमाले."

नारायणाचा हात थांबला. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "वकील, यानं मले एक डाव शिवी देल्ली असती ना, काठी हानली असती ना, तरी चाललं असतं बे."

"तू माफी माग."

"मागतली. तर म्हन्ते, मालकानं गड्याची माफी मागू नाई."

त्याचे डोळे भरले होते. मी झाडांकडे बघत बसलो. पानांनी माना टाकल्या होत्या.

*

त्या हिवाळ्यात हॉस्टेलचं संमेलन झालं. नारायणाचं भाषण ठेवलेलं, विषय 'माझे विलायतेतले चार महिने'. पाहुणे म्हणून नागपूरचे एक म्हातारे निवृत्त जज्ज. व्हरांडा माणसांनी गच्च. प्रोफेसर, वकील, डॉक्टर, आणि रावबहादुरांचा मुलगाही वडिलांना घेऊन आलेला.

नारायणानं गावी निरोप धाडला होता, "बाबा, या." उत्तर आलं होतं, "मालकाचा हुकूम. संत्रे आणतो."

मी आणि काळे फाटकाशी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला उभे होतो. समोरून तुळशीरामजी आले. तसेच अनवाणी, तशीच पाटी. नव्या पहारेकऱ्यानं अडवलं.

"कोन पायजे?"

"नारायणमालकाचा गडी हाओ जी. संत्रे आनले."

आम्ही पुढे होणार तोच मागून कुणीतरी धावत आलं. नारायण. अंगात विलायतेतला कोट, गळ्यात टाय, खिशात भाषणाचे कागद. त्याला ऐकू गेलं होतं. तो वडिलांसमोर वाकला आणि पाटी स्वतःच्या डोक्यावर घ्यायला लागला.

"अजी मालक, कोट खराब होईन जी!" तुळशीरामजींनी पाटी घट्ट धरली. दोघांची ओढाताण झाली. शेवटी म्हाताऱ्याचे हात सुटले.

नारायण व्हरांड्याच्या पायऱ्या चढला. सुटाबुटातला माणूस आणि डोक्यावर संत्र्यांची पाटी! पाटीतला पालापाचोळा टायवर गळतोय.  रावबहादुरांचा मुलगा उठून उभा राहिला. मागून तुळशीरामजी, आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं हे न सुचलेले. पाटीशिवाय त्यांना चालताच येत नव्हतं जणू.

हॉलच्या दारात जज्जसाहेब बसले होते. त्यांनी वक्त्याला आधी पाहिलं नव्हतं. चष्मा वर करून त्यांनी त्या दोघांकडे निरखून बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "अहो, हा सुटातला हमाल कोण?"

सगळ्यांसमोर आपण काय बोलणार आहोत हे नारायणानं बोटीवरच ठरवलं होतं. त्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं. पण तुळशीरामजी त्याच्या पुढे सरकले. त्यांनी जज्जसाहेबांकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि तोंडावरची सुरकुती न हलू देता म्हणाले,

"हा? आमचा गडी हाये जी. नवाच ठेवला हाये."

आणि मग पोराच्या पाठीत एक सणसणीत रट्टा.

"चाल बे नाऱ्या, पुढं हो! मान सरळ ठेव. भल्ली डुलून राहिली तुही पाटी!"